भिंगरीची जन्मतारीख

"जन्मतारीख?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि साहेबरावांनी "एक जून" असं ठणकावून सांगितलं. पुढची सगळी भानगड या दोन शब्दांनी केली.

तसा त्यांचाही फारसा दोष नव्हता. साहेबरावांची स्वतःची जन्मतारीख एक जून. मुक्ताबाईंची एक जून. थोरल्या भावाची, धाकट्या साडूची, लग्नात मध्यस्थी केलेल्या मास्तरांचीसुद्धा एक जूनच. त्यांच्या पिढीत पोराला शाळेत घालायला आलेला बाप फार तर एवढंच सांगायचा, "ज्वारी काढायला आल्ती, तवा झालं बगा," आणि गुरुजी ज्वारीच्या भानगडीत न पडता एक जून लिहून मोकळे व्हायचे. पुढे साहेबरावांनी पाटबंधारे खात्याच्या आस्थापना शाखेत चौतीस वर्षं लोकांची सेवापुस्तकं सांभाळली, त्यातही निम्म्या पानांवर हीच तारीख. ते निवृत्त झाले त्या एकतीस मेला त्यांच्याबरोबर आणखी अठराजण निवृत्त झाले होते. हार कमी पडले म्हणून शेवटच्या चौघांना एकच हार आळीपाळीने घातला, त्या चौघांत साहेबराव दुसरे होते. तेव्हा ज्याची तारीख ठाऊक नाही त्याची एक जून, हे त्यांच्या अंगवळणीच पडलेलं होतं. समोर माणूस आहे की मांजर, हे बघायचं भान राहिलं नाही.

मांजरीचं नाव भिंगरी. करमाडहून त्यांचा भाचा संघपाल जुलैच्या मध्याला तिला खोक्यात घालून घेऊन आला होता. राखाडी अंग, पांढरे पाय आणि कुणी टक लावून बघितलं तर उलट टक लावून बघायची सवय. डॉक्टर सोनिया यांनी तिचा जबडा उघडून दात पाहिले. दवाखाना नवा होता, डॉक्टरही नव्याच होत्या.

"काका, थोडी मोठी वाटतेय हो. दीड महिन्याची नाही वाटत."

"अंगानं भरलेली आहे," साहेबराव म्हणाले. "करमाडचं दूध आहे ते."

चौतीस वर्षांत भल्याभल्या अभियंत्यांना गप्प बसवलेला तो आवाज. डॉक्टरांनी मुकाट्याने कार्डावर एक जून लिहिलं. मग समजावून सांगितलं की मांजरी चार-पाच महिन्यांच्या झाल्या की वयात येतात, एकदा वयात आली की पिल्लं व्हायला वेळ लागत नाही, म्हणून पाच महिने पुरे होता होता ऑपरेशन उरकून घेतलेलं उत्तम. साहेबरावांनी बोटांवर मोजलं. एक नोव्हेंबर. घरी आल्यावर त्यांनी एका कोऱ्या वहीवर "भिंगरी: सेवापुस्तक" असं लिहून पहिल्या पानावर जन्मतारीख टाकली आणि खाली झोकदार सही ठोकली. पहिल्या पानावरची जन्मतारीख सहसा बदलता येत नाही, हे ते मुक्ताबाईंना उगाचच सांगत बसले.

ऑपरेशन वेळेवर होणं फार गरजेचं होतं. उस्मानपुऱ्यातली त्यांची सोसायटी बारा घरांची आणि तिचे सचिव नानासाहेब, तळमजल्यावरचे. सिल्लोडकडची मोठी जमीन, तिकडे मक्याचं गोदाम, आणि दारात एक पांढरी जीप, जिच्या बॉनेटवर भिंगरीने आल्या आल्या आठवड्याभरात चार पायांचे ठसे उमटवले होते. पार्किंगमध्ये सभा बसली. मांजर ठेवायला हरकत नाही, पण संख्या वाढता कामा नये. पिल्लं झाली तर मांजर सिल्लोडच्या गोदामात रवाना, तिथं उंदीर मोप आहेत, असं ठरलं. तसं हमीपत्र साहेबरावांनी स्वतःच लिहून दिलं. लिहिताना त्यांना मसुद्याचा असा काही हुरूप आला की पळवाट म्हणून एक शब्द शिल्लक राहिला नाही. नानासाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "झकास लिवलंय. माझ्या वकिलालाबी आसं जमत नाय."

मुक्ताबाईंनी हमीपत्र वाचलं नाही, फक्त ऐकलं. दोन्ही मुलं पुण्याला गेल्यापासून त्या दिवसाकाठी चारपाच वाक्यं बोलत, त्यातली दोन गॅस संपल्याची असायची. भिंगरी आल्यापासून घरात दिवसभर बोलणं चालायचं. लसूण सोलताना, भाजी निवडताना, मालिका बघताना त्या भिंगरीशी बोलत, आणि ओघात काही वाक्यं साहेबरावांच्याही वाट्याला येत. साहेबराव वरवर कुरकुरायचे, पण मनातून सुखावले होते.

"ती सिल्लोडला गेली तर तिच्या मागं मीबी जाणार," मुक्ताबाई शांतपणे म्हणाल्या. "गोदामात ऱ्हाऊ दोघी."

मुक्ताबाई बोलतात ते करतात, हा साहेबरावांचा चाळीस वर्षांचा अनुभव होता. एकदा पंखा दुरुस्त केला नाही म्हणून त्या बहिणीकडे जाऊन अख्खा मे महिना राहिल्या होत्या.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भिंगरी गळा काढून ओरडायला लागली. साधं म्याँव नाही, पोटातून निघालेला लांबलचक हेल. फरशीवर लोळण घ्यायची, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच करायची, दारापाशी जाऊन पुन्हा हेल काढायची. आख्ख्या जिन्याला कळलं आणि जिना सल्ला द्यायला दारात आला. नानासाहेबांच्या पत्नी मनकर्णाबाई म्हणाल्या, नजर लागली. दुसऱ्या मजल्यावरचा अतुल मोबाइलमध्ये बघून म्हणाला, "काका, ही वयात आलीय." साहेबरावांना ते वाक्य फार लागलं. साडेतीन महिन्यांच्या पोरीबद्दल असं बोलवतं तरी कसं या लोकांना? त्यांनी अतुलला सेवापुस्तकाचं पहिलं पान उघडून दाखवलं.

तरी खात्री म्हणून त्यांनी डॉक्टरांना फोन केला. "कार्डावरच्या तारखेनं तर अजून लहान आहे, माजावर यायची शक्यता कमी," डॉक्टर म्हणाल्या. "पोट दुखत असेल. पण घेऊन या, बघते." यातलं पहिलं वाक्य साहेबरावांनी मन लावून ऐकलं. दुसऱ्याला हूं म्हटलं. तिसरं ऐकायच्या आत त्यांनी समाधानाने फोन ठेवला होता.

पोटदुखीवर मोकळी हवा चांगली, असं त्यांचं स्वतःचं निदान झालं. म्हणून सलग तीन संध्याकाळी त्यांनी भिंगरीला काखेत मारून गच्चीवर नेलं. तिथं पाण्याच्या टाकीवर एक बोका बसलेला असायचा, पिवळा, रुंद तोंडाचा, एक कान फाटलेला. साहेबरावांना तो पोक्त वाटला. ते खुर्ची टाकून पेपर वाचत बसले, भिंगरी टाकीच्या मागे फिरायला गेली आणि बोकाही उठून तिकडेच गेला.

"बोका मोठा समजूतदार आहे," खाली आल्यावर ते मुक्ताबाईंना म्हणाले. "पोरीला सोबत करतो."

मुक्ताबाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग त्या आत निघून गेल्या.

चौथ्या दिवशी ओरडणं थांबलं. साहेबरावांनी सेवापुस्तकात "प्रकृतीस आराम, उपाय: मोकळी हवा" अशी नोंद केली. त्यानंतर भिंगरी खायला लागली आणि खातच राहिली. दिवाळीत तर ती चांगलीच गुटगुटीत झाली. येणाऱ्याजाणाऱ्याला साहेबराव अभिमानाने तिचं पोट दाखवायचे. मुक्ताबाईंनाही शंका आली होती, पण त्यांनी ती बोलून दाखवली नाही, कारण बोललं की खरं होतं असं त्यांना वाटे.

एक नोव्हेंबरला भिंगरी झाकण असलेल्या भाजीच्या टोपलीत बसून दवाखान्यात गेली. रिक्षावाल्याने आरशातून टोपलीकडे पाहत "चाचा, अंदर कौन रो रा?" असं दोनदा विचारलं. डॉक्टरांनी भिंगरीच्या पोटाला हात लावला आणि हात तसाच राहिला. मग त्यांनी साहेबरावांकडे पाहिलं.

"काका, ही गाभण आहे. दीड महिना होत आला."

"कसं शक्य आहे?" साहेबराव म्हणाले. "आज सकाळी तिला पाच महिने पुरे झाले."

"सात पुरे होत आले असतील. ही एक जून तुम्हाला कुणी सांगितली?"

कुणी सांगितली? साहेबरावांनी तिथल्या तिथं संघपालला फोन लावला. संघपालने क्षणाचाही विचार केला नाही. "मामा, जयंतीच्या दिवशी सकाळी निळा झेंडा काढाया माळ्यावर चढलो, तर झेंड्याच्या गाठोड्यावर ही पिल्लं. डोळे उघडतच व्हते बगा. चौदा एप्रिल. झेंडा सोडला तिथंच अन् शेजारून दुसरा आणला. का हो?"

डॉक्टरांनी मोजलं. डोळे आठदहा दिवसांनी उघडतात, म्हणजे जन्म चार-पाच एप्रिलचा. साहेबराव बाकावर बसले. घरच्या दिनदर्शिकेत जिच्याहून मोठी तारीख नाही, त्या तारखेला अख्खं करमाड साक्षीला असताना, एक फोन न करता आपण गुरुजी होऊन बसलो, याची त्यांना मनस्वी लाज वाटली. चौतीस वर्षांत एकाही सेवापुस्तकात खाडाखोड न केलेल्या माणसाला स्वतःच्या मांजरीचं पहिलं पान चुकावं.

"आत्ताही ऑपरेशन करता येतं," डॉक्टर हळूच म्हणाल्या, "पण मग पिल्लं..."

"नाय," मुक्ताबाई म्हणाल्या. टोपलीचं झाकण लावून त्या रिक्षा बघायला निघूनही गेल्या.

पुढचे तीन आठवडे साहेबरावांनी जन्मात केली नव्हती अशी लपवालपवी केली. ऑपरेशनचं काय झालं असं नानासाहेबांनी विचारलं की ते "प्रकरण प्रलंबित आहे" म्हणायचे. भिंगरीला गॅलरीत फिरकू देईनात. एकदा मनकर्णाबाई विरजण मागायला आल्या आणि नेमकी भिंगरी पंख्याखाली आडवी पसरलेली.

"सूज आलीया तिला," मुक्ताबाई घाईने म्हणाल्या. "आजार हाय."

मनकर्णाबाईंनी कंबरेवर हात ठेवून निरखून पाहिलं. "व्हय. ह्यो आजार मला तीनदा झाल्ता," त्या म्हणाल्या. "तिन्ही पोरी." आणि विरजण न घेताच निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून सकाळी दाराशी एक झाकलेली वाटी यायला लागली. आत सायीचं दूध असायचं. कोण ठेवतं हे कुणी विचारलं नाही, आणि नानासाहेबांपर्यंत बातमी गेली नाही एवढं खरं.

नोव्हेंबरच्या विसाव्या तारखेला पाणी यायचा दिवस होता. त्या दिवशी आमच्या शहरात कुठल्याच घराचं दार बंद नसतं. पिंपं, घागरी, पाइप, कुणाची मोटर चालू, कुणाची बंद पडलेली. साहेबराव बादल्या घेऊन जिन्यात वरखाली करत होते. अकरा वाजता पाणी गेलं, दारं लागली, तेव्हा मुक्ताबाईंच्या लक्षात आलं की भिंगरी घरात नाही. पलंगाखाली नाही, माळ्यावर नाही, गच्चीवर नाही. टाकीवरचा बोका एकटाच होता आणि साहेबरावांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यानंतर तोही उठून गेला.

तेवढ्यात खालून नानासाहेबांची हाक आली. "साहेबराव, जरा खाली या."

नानासाहेबांच्या बैठकीत लाकडी दिवाण होता. त्याच्या खालच्या कप्प्यात गोधड्या आणि नानासाहेबांचा लग्नकार्याचा गुलाबी फेटा. कप्पा अर्धवट उघडा होता. फेट्याच्या घडीत भिंगरी पडलेली, आणि तिच्या पोटाशी तीन ओले जीव, एक पिवळा, दोन राखाडी. भिंगरीने साहेबरावांकडे टक लावून पाहिलं. तिला कसलीही शरम वाटत नव्हती. मुक्ताबाई तिच्याशेजारी फतकल मारून बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. आनंदाची किती आणि सिल्लोडच्या भीतीची किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

नानासाहेबांच्या हातात हमीपत्र होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. साहेबरावांना स्वतःच्याच भाषेचा पहिल्यांदा राग आला.

"तुमची सही हाय न्हवं?" नानासाहेब म्हणाले. "सकाळी जीप चाललीच हाय सिल्लोडला. बसवतो तिला."

हमीपत्रातला एकेक रस्ता त्यांनी स्वतःच बुजवलेला होता. एवढ्यात स्वयंपाकघरातून मनकर्णाबाई पदराला हात पुसत आल्या आणि कप्पा आणि नवरा यांच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"कुणाला बसवता जीपमधी? बाळंतिणीला?"

"आगं, मांजर हाय ती."

"हाय ना. पयलं बाळंतपण हाय तिचं. वर धडधाकट घर सोडून ती खाली हितं का आली मंग? पयलं बाळंतपण माहेरी आसतंय. आली माहेरी. आपल्या तिन्ही लेकी ह्याच खोलीत बाळंत झाल्या, सव्वा महिन्याच्या आत उंबरा वलांडू दिला व्हता का एकीला? तवा तर जावई दारात येऊन बसल्ते, तरी न्हाई म्हणालात तुमी."

नानासाहेबांनी हमीपत्राकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. माहेरपणाचं काहीच हमीपत्रात नव्हतं. "बरं," ते शेवटी म्हणाले. "सव्वा महिना. मंग सिल्लोड."

साहेबरावांना हायसं वाटलं आणि त्यांनी भिंगरीला उचलायला हात पुढे केला. मनकर्णाबाईंनी तो हात अडवला.

"तुमी सासरची माणसं. बाराव्या दिशी या बाळाला बघाया. रिकाम्या हातानं येऊ नगा."

अशा रीतीने साहेबरावांची मांजर दीड जिना खाली राहायला गेली. मुक्ताबाईंनी एका रात्रीत पक्ष बदलला. त्या सकाळीच खाली जायच्या आणि दोघी मिळून दिवाणाशी बसून भाज्या निवडायच्या. हसण्याचा आवाज वरपर्यंत यायचा. साहेबराव वर एकटेच सेवापुस्तक उघडून बसायचे. पहिल्या पानावरची तारीख खोडायला त्यांचा हात धजेना आणि तशीच ठेवायलाही मन घेईना. बाराव्या दिवशी ते उकडलेली अंडी आणि तीन इवली सुती फडकी घेऊन खाली गेले. नानासाहेबांनी दार उघडलं. दोघं गेली अकरा वर्षं एका इमारतीत राहत होते, पार्किंगच्या पलीकडे बोलणं नव्हतं. नानासाहेब घसा खाकरून म्हणाले, "या व्याही. चहा घ्या."

साहेबरावांनी चहा घेतला. दुसरा कपही घेतला. पिवळं पिल्लू नानासाहेबांच्या मांडीवर धोतराच्या सोग्यात झोपलं होतं आणि ते जागचे हलत नव्हते.

सव्वा महिना झाला. नानासाहेब म्हणाले, थंडी लई हाय, जरा कमी होऊ द्या. थंडी कमी झाली. ते म्हणाले, संक्रांत होऊ द्या. सिल्लोडचं नाव ते घेत नव्हते, पण नाही असंही म्हणत नव्हते. साहेबरावांना रात्री झोप लागेना. मध्यंतरी डॉक्टरांनी बजावलं होतं की मांजर पिल्लांना पाजत असतानाही पुन्हा माजावर येऊ शकते, तेव्हा बाहेर सोडायची नाही, आणि पिल्लं दोन महिन्यांची होऊन खायला लागली की आता मात्र ऑपरेशनची तारीख चुकवायची नाही. ही तारीख मनकर्णाबाईंनी दिवाणावरच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवली.

त्या दिवशी दवाखान्यात पांढऱ्या जीपमधून सगळे गेले. मांडीवर टोपली घेऊन मुक्ताबाई, पिल्लांच्या खोक्यासह मनकर्णाबाई आणि पुढे दोघं पुरुष. बाकावर बसल्या बसल्या नानासाहेबांचा फोन वाजला. गोदामावरच्या धोंडिबाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "मालक, मांजर धाडणार व्हता न्हवं? उंदरांनी पोती फोडलीत."

मुक्ताबाईंनी टोपली पोटाशी घट्ट धरली. साहेबराव समोरच्या भिंतीवरचा कुत्र्याचा तक्ता वाचायला लागले. त्यातला एकही शब्द त्यांना दिसत नव्हता.

"पिंजरे लाव," नानासाहेब म्हणाले.

"पिंजऱ्यानं काय व्हतंय मालक, मांजरच..."

"आरं, लेकीला गोदामात घालू का?" नानासाहेब एकदम चढ्या आवाजात म्हणाले आणि फोन बंद केला. मग कुणाकडेच न बघता त्यांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला. तो बराच वेळ पुसला. मुक्ताबाई टोपलीच्या झाकणावर डोकं टेकवून रडल्या, आणि मनकर्णाबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

आतून डॉक्टर संमतीपत्र घेऊन आल्या. भूल देण्याआधी सही लागते. साहेबरावांनी चष्मा लावला, पेन उघडलं. "पालकाची सही" अशी एक चौकट होती आणि तिच्या खाली "रुग्णाशी नाते". सही करणार इतक्यात नानासाहेब बाकावरून उठून त्यांच्या खांद्याशी येऊन उभे राहिले.

"व्याही," ते जरा अवघडून म्हणाले, "ऑपरेशन हाय. माहेरची सही लागत नाय का?"

एका चौकटीत एकच सही. एकाखाली दुसरी सही घुसडणाऱ्या किती कर्मचाऱ्यांना साहेबरावांनी चौतीस वर्षांत अर्ज परत दिले होते, याला गणती नव्हती. त्यांनी कागदाकडे पाहिलं. मग आपली सही त्यांनी चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात अगदी बारीक केली, नात्यापुढे "सासर" लिहिलं, आणि उरलेली सगळी जागा मोकळी ठेवून पेन नानासाहेबांच्या हातात दिलं.

"करा," ते म्हणाले. "ऐसपैस करा."